जुनं व्हीएमसी घेताय? पिढ्यांमधल्या फरकाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी भोसरी, चाकण, शिरवळ आणि अधूनमधून कोल्हापूरला शिरोली एमआयडीसी असं फिरून जुन्या व्हीएमसींचं (उभ्या स्पिंडलची सीएनसी मिलिंग मशीनं) मेंटेनन्स करतो. फोनवर तेच तेच प्रश्न येतात, आणि वाईट याचं वाटतं की बहुतेक वेळा ते मशीन शेडमध्ये उतरल्यावर येतात, म्हणजे पैसे देऊन झाल्यावर. म्हणून इथे सगळं एकत्र लिहून ठेवतोय. यात फॅनक या जपानी कंपनीच्या कंट्रोलबद्दल (मशीन चालवणारा कॉम्प्युटर) जास्त आहे, कारण आपल्याकडच्या जुन्या मशीनवर तोच जास्त दिसतो.

मशीनच्या प्लेटवर साल असतंच, मग "पिढी" वेगळी काय बघायची?

साल फक्त मशीन कधी बनलं ते सांगतं. पिढी तीन ठिकाणी बघायची: कंट्रोल कुठला, मोटर आणि ड्राइव्ह (मोटर चालवणारं युनिट) कुठले, आणि स्लाइड कसल्या. हे तिन्ही एकाच काळातले असतील असं नाही. १९९८ चं मशीन पण कंट्रोल १९८५ साली निघालेल्या सिरीजचा, हे अगदी कॉमन आहे, कारण तो कंट्रोल स्वस्त आणि टिकाऊ होता म्हणून बिल्डर लोक तोच वर्षानुवर्षं लावत राहिले. उलटं पण होतं, बेड ८० च्या दशकातला, हातानं स्क्रॅपिंग केलेला, आणि वर कोणीतरी नवा कंट्रोल चढवलेला. तेव्हा "किती सालचं" हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न "कंट्रोल कुठला".

फॅनकच्या पिढ्या एकदा ओळीनं सांगा ना.

सांगतो, पण मिलिंगपुरतंच. नावात एम असेल तर मिलिंग, टी असेल तर टर्निंग.

सगळ्यात जुनी जी अजून कुठेतरी चालू सापडते ती सिस्टिम सिक्स, १९७९ ची. यात प्रोग्रामसाठी बबल मेमरी नावाचा प्रकार असायचा आणि आज ते कार्ड गेलं की दुसरं शोधताना जीव जातो. मग दहा, अकरा, बारा या सिरीज आल्या, आपल्याकडे कमी दिसतात, दिसल्याच तर मोठ्या जपानी मशीनवर.

१९८५ ला सिरीज झिरो आली. झिरो-एम, त्यातला झिरो-एमसी हा सगळ्यात जास्त पसरलेला. छोटा ९ इंची सीआरटी, हिरवट अक्षरं, आणि मजबूत इतका की तीस वर्षं झाली तरी चालतोय. त्याच काळात वरच्या क्लासला पंधरा होता, आणि १९९० च्या सुमाराला सोळा, मग अठरा, एकवीस. अठरा-एम जपानहून आलेल्या चांगल्या मशीनवर भरपूर दिसतो.

पुढे नावामागे आय लागला. सोळा-आय, अठरा-आय, एकवीस-आय, आणि २००० नंतर झिरो-आय. झिरो-आय मध्ये पण ए, बी, सी, डी, एफ अशा पायऱ्या आहेत. डी साधारण २००८ चा, एफ २०१५ च्या आसपासचा.

आता इथे नीट लक्ष द्या. झिरो-एमसी आणि झिरो-आय-एमसी (झिरो-आयच्या सी पायरीचा मिलिंग कंट्रोल, डी पायरीचा तो एमडी) हे दोन वेगळे कंट्रोल आहेत. मधे पंधरा-वीस वर्षांचं अंतर आहे. फोनवर डीलर "झिरो एमसी आहे साहेब" म्हणतो, घेणारा समजतो झिरो-आय-एमसी, आणि बघायला गेल्यावर समोर सीआरटी. डीलर दरवेळी फसवायलाच बसलेला असतो असं नाही, त्यालाही बऱ्याचदा फरक माहीत नसतो. पण किमतीत आणि कामात खूप फरक पडतो, म्हणून आधी कंट्रोलच्या स्क्रीनचा आणि त्यावरच्या नावाचा फोटो मागवा, मगच गाडी काढा.

आय असलेल्या आणि नसलेल्या कंट्रोलमध्ये मुख्य फरक काय?

वायरिंग आणि डेटा. जुन्या झिरो-एमसीत प्रत्येक अॅक्सिससाठी कंट्रोलमधून ड्राइव्हला जाड केबल, एन्कोडरची (मोटर किती फिरली ते मोजणारा भाग) केबल परत कंट्रोलमध्ये, असं सगळं जाळं असतं. झिरो-आय-बी पासून पुढे कंट्रोल ते ड्राइव्ह एक बारीक ऑप्टिकल केबल असते आणि एन्कोडर थेट ड्राइव्हवर येतो. झिरो-आय-ए हा मधला, नावात आय आहे पण सर्व्होची वायरिंग जुन्याच पद्धतीची. फॉल्ट शोधायला जुनं सोपं की नवं, यावर आमच्यात वाद होतात. माझं मत, नवं सोपं, कारण केबल आणि कनेक्टर कमी म्हणजे कूलंट शिरायच्या जागा कमी. फक्त ऑप्टिकल केबल कडक वाकवायची नाही.

दुसरं म्हणजे लॅडर, म्हणजे टूल चेंजर, कूलंट वगैरे चालवायचं बिल्डरनं लिहिलेलं लॉजिक. झिरो-एमसीत लॅडर ईपीरॉम चिपमध्ये असतं, आय मध्ये फ्लॅशमध्ये. पॅरामीटर (मशीनच्या सेटिंगचे आकडे) मात्र दोन्हीत बॅटरीवरच्या रॅममध्ये. हे लक्षात ठेवा, खाली बॅटरीच्या प्रश्नात उपयोगी पडेल.

डीसी सर्व्हो मोटरवालं मशीन स्वस्तात मिळतंय, घेऊ का?

पहिलं मशीन म्हणून नको. डीसी मोटरला कार्बन ब्रश असतात, ते झिजतात, त्याची पावडर आत साठते, कूलंटचा ओलावा बसला की कम्युटेटर खराब होतो. मोटर रिवाइंड करणारे मिळतात, पण ड्राइव्हचं कार्ड गेलं की ते दुरुस्त करणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरलीत. एसी सर्व्हो, मागे लाल टोपीचा एन्कोडर असलेली मोटर दिसली की निदान तो टप्पा तरी ओलांडलाय एवढं समजायचं.

बॉक्स वे चांगले की एलएम?

यावर लोक भांडतात. दोन्ही बरोबर असतात, काम कुठलं ते सांगत नाहीत म्हणून भांडण होतं.

बॉक्स वे म्हणजे कास्टिंगमधूनच काढलेली चौकोनी रुंद स्लाइड, हार्ड आणि ग्राइंड केलेली, आणि समोरच्या बाजूला टर्साइटची (घर्षण कमी करणारं प्लास्टिक) पट्टी चिकटवून हातानं स्क्रॅपिंग करून बसवलेली. पृष्ठभाग मोठा, तेलाचा थर मधे, त्यामुळे जोरात कट घेतला की थरथर शोषली जाते. ६३ चा फेस मिल घेऊन स्टीलवर कट मारायचा असेल, कास्ट आयर्नचे हाउसिंग करायचे असतील, तर चांगला बॉक्स वे अजूनही सुख देतो. पण घर्षण जास्त, म्हणून रॅपिड (न कापता सरकायचा वेग) कमी, मिनिटाला १० ते १५ मीटरच्या आसपास. आणि अगदी हळू फीडला टेबल थांबून-थांबून सरकतं, म्हणजे गोल इंटरपोलेशनमध्ये जिथे दिशा बदलते तिथे छोटी खूण येते.

एलएम म्हणजे रेल आणि त्यावर बॉल किंवा रोलरचा ब्लॉक. टीएचके कंपनीनं १९७२ मध्ये एलएम गाइड काढलं आणि पुढच्या काळात व्हीएमसीत ते सर्रास झालं. रॅपिड २४, ३६, ४८ मीटर. छोटे अॅल्युमिनियमचे जॉब, भरपूर होल, भरपूर टूल चेंज असेल तर एलएम. सायकल टाइममध्ये पडणारा फरक डोळ्याला दिसतो.

जुनं घेताना फरक असा पडतो: बॉक्स वे झिजला तर त्याला परत स्क्रॅपिंग, टर्साइट बदलणं, जिब अॅडजस्ट करणं हे सगळं करता येतं, फक्त ते काम येणारा कारागीर मिळायला हवा, आणि असे कारागीर वय झाल्यानं कमी होत चाललेत, त्यांच्या हाताखाली मुलं तयार होत नाहीयेत याचं मला फार वाईट वाटतं. एलएम झिजला तर रेल आणि ब्लॉक सरळ बदलायचे, खर्च आहे पण चार दिवसांचं काम. आणि एक, एलएम मशीन एकदा जोरात धडकलेलं असेल तर रेलवर बॉलचे ठसे उमटतात. टेबल हळू जॉगला फिरवा आणि बेडवर हात ठेवा, ठराविक अंतरावर खडखड लागली तर समजायचं.

"८० मीटर मेमरी" म्हणजे काय? मेमरी मीटरमध्ये कशी?

आधी प्रोग्राम कागदी पंच टेपवर असायचे. १९५२ मध्ये अमेरिकेत एमआयटीमध्ये पहिलं एनसी मिलिंग दाखवलं तेही पंच टेपवरच चालायचं, व्हॅक्यूम ट्यूबचा कंट्रोल आणि सिनसिनाटीचं मिलिंग मशीन. टेपवर एका इंचात १० अक्षरं बसतात. मेमरी आली तरी मोजमाप टेपच्या लांबीचंच राहिलं. ८० मीटर टेप म्हणजे साधारण ३२ केबी. ३२० मीटर म्हणजे १२८ केबी, ६४० मीटर म्हणजे २५६ केबी.

३२ केबी ऐकून घाबरू नका. हातानं लिहिलेला ड्रिलिंग, टॅपिंग, पॉकेटचा प्रोग्राम दोन-चार केबीचा असतो, असे कितीतरी मावतात. अडचण कॅम सॉफ्टवेअरमधून आलेल्या थ्रीडी प्रोग्रामची, तो एकटाच दोन-पाच एमबी असतो. मग डीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवरून प्रोग्राम थोडा थोडा पाठवत मशीन चालवणं, करावं लागतं.

मग जुन्या मशीनवर डीएनसी करून डाय-मोल्डचं काम होईल का?

होतं, पण किती वेगानं ते एकदा हिशोब करून बघा. आरएस २३२ वर ९६०० चा बॉड रेट, सात डेटा बिट, इव्हन पॅरिटी, दोन स्टॉप बिट, म्हणजे एका अक्षराला स्टार्ट धरून ११ बिट. सेकंदाला साधारण ८७० अक्षरं. थ्रीडीची एक ओळ एक्स, वाय, झेड आणि आकडे मिळून २४ अक्षरांची धरली तर सेकंदाला ३६ ओळी. प्रत्येक ओळ ०.१ मिमीची असेल तर सेकंदाला ३.६ मिमी, म्हणजे मिनिटाला सव्वादोनशे मिमीच्या पण खाली. तुम्ही प्रोग्राममध्ये फीड २००० टाका नाहीतर ५०००, टूल एवढंच चालणार, आणि डेटा संपला की टूल क्षणभर थांबणार, तिथे जॉबवर डाग पडणार. ४८०० ला अजून निम्मं.

उपाय म्हणजे कॅममध्ये टॉलरन्स थोडा सैल करून ओळी मोठ्या करणं, आर्क फिटिंग चालू करणं, रिकाम्या जागा आणि ओळ नंबर काढून टाकणं. यानं बराच फरक पडतो, मी स्वतः करून बघितलंय. पण रोजचं काम मोल्डचं असेल तर झिरो-एमसी घेऊच नका, निदान झिरो-आय-एमसी किंवा अठरा-आय बघा. झिरो-आय-एमसीत स्क्रीनशेजारी कार्डचा स्लॉट असतो, अॅडॅप्टरमध्ये सीएफ कार्ड घालून थेट कार्डवरून चालवता येतं, त्यासाठी आय/ओ चॅनल ४ आणि पॅरामीटर १३८ चा सातवा बिट १ करायचा. नंतरच्या पिढ्यांमध्ये यूएसबी येतं.

आणि आरएस २३२ ची केबल मशीन चालू असताना काढू-घालू नका. कॉम्प्युटरच्या आणि मशीनच्या अर्थिंगमध्ये फरक असला की पोर्ट उडतो, आणि जुन्या कंट्रोलवर तो पोर्ट मेन कार्डवरच असतो.

लुक-अहेड म्हणजे काय, ते जुन्यात असतं का?

पुढच्या ओळी आधी वाचून कोपऱ्याआधी वेग कमी करणं. साध्या झिरो-एमसीत असं काही धरूच नका. आय सिरीजमध्ये असतं पण प्रत्येक मशीनवर घेतलेलं असेलच असं नाही, ते ऑप्शन असतं. एमडीआयमध्ये (स्क्रीनवर हातानं ओळ टाकून चालवायचा मोड) जी ०५.१ क्यू १ टाकून बघा, अलार्म १० आला तर तो जी कोड कंट्रोलला मान्य नाही, म्हणजे ऑप्शन नाही.

माझ्या नव्या मशीनचे प्रोग्राम जुन्यावर तसेच चालतील का?

नाही चालवायचे. कोड सारखेच दिसतात म्हणूनच धोका जास्त.

पहिली गोष्ट पॉइंट. फॅनकवर एक्स १० असं पॉइंट न देता लिहिलं तर मूळ सेटिंगला ते १० मायक्रॉन. आय सिरीजमध्ये पॅरामीटर ३४०१ च्या शून्य नंबरच्या बिटनं ते १० मिमी करता येतं, आणि बऱ्याच शेडमध्ये ते तसं केलेलं असतं. म्हणजे झेड वजा ५ एका मशीनवर ५ मिमी आणि शेजारच्या मशीनवर ५ मायक्रॉन. ऑपरेटरला सवय लावा, प्रत्येक आकड्याला पॉइंट, अपवाद नाही.

दुसरी गोष्ट, आणि यात मी टूल तुटलेले बघितलेत, ती म्हणजे ऑफसेटचा तक्ता. नव्या कंट्रोलमध्ये बहुतेक वेळा लेंथ आणि रेडियस वेगळ्या रकान्यात असतात, एच १ आणि डी १ दोन्ही एक नंबरला चालतात. जुन्या झिरो-एममध्ये अनेकदा एकच तक्ता असतो, एका नंबरला एकच आकडा. एच १ मध्ये टूलची लेंथ १५२.३४ घातली आणि प्रोग्राममध्ये डी १ आला तर कंट्रोल १५२ मिमी हा कटरचा रेडियस समजतो. नशीब असेल तर अलार्म ४१ येऊन थांबतं, नसेल तर टूल भलतीकडे जातं. म्हणून जुने लोक एच १ ला डी ३१, एच २ ला डी ३२ असं लिहितात. कॅमचा पोस्ट (मशीनला समजेल असा प्रोग्राम काढून देणारा भाग) या मशीनसाठी वेगळा करून घ्या, एकदाच करायचं काम आहे.

तिसरं, कस्टम मॅक्रो, म्हणजे प्रोग्राममध्ये व्हेरिएबल आणि हिशोब वापरणं. जुन्यात तो ऑप्शन असतो. जी ६५ चालत नसेल तर प्रोबिंगचं किंवा फॅमिली पार्टचं स्वप्न तिथेच थांबतं. जी ५४ ते जी ५९ सहाच मिळतात, त्याच्या पुढचे ऑफसेट पण ऑप्शनच.

रिजिड टॅपिंग आहे का ते कसं बघायचं?

रिजिड टॅपिंग म्हणजे स्पिंडलचं फिरणं आणि झेडचं सरकणं जुळवून टॅप मारणं. एम २९ देऊन जी ८४ चालवून बघा, हवेत. नसेल तर फ्लोटिंग टॅप होल्डर घ्या आणि काम करा, एम ६, एम ८ साइजच्या टॅपला काही अडत नाही. बंद होलात खोलीची खात्री हवी असेल तिथे मात्र अडतं.

बॅटरी बदलायचं एवढं काय, सेल तर आहेत.

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारतात. माझ्या मते तो पहिला असायला हवा.

झिरो-एमसीचे पॅरामीटर, प्रोग्राम, ऑफसेट हे सगळं तीन मोठ्या डी साइज सेलवर टिकून असतं, मिळून साडेचार व्होल्ट. वर्षातून एकदा बदलायचे आणि मशीन चालू असताना बदलायचे. पॅनल चालू असतं, म्हणून हे काम माहीतगार इलेक्ट्रिशियननंच करायचं. स्क्रीनवर बॅट असं लुकलुकायला लागलं की त्याच आठवड्यात बदलायचे.

सेल संपले तर नुसते पॅरामीटर जातात असं नाही, ९०० नंबरपासूनचे ऑप्शन पॅरामीटर पण जातात. मशीनला काय काय येतं, रिजिड टॅपिंग, मॅक्रो, मेमरी किती, ते सगळं त्या बिटांमध्ये असतं आणि प्रत्येक मशीनचं वेगळं असतं. ते गेले की कंट्रोल चालू होतो पण मशीन ओळखत नाही.

मी एक प्रसंग सांगतो. भोसरीतलं एक छोटं शेड, दोन भावांचं. मी ऑगस्टमध्ये त्यांच्याकडे स्पिंडलच्या बेल्टसाठी गेलो होतो, तेव्हा स्क्रीनवर बॅट दिसत होतं. सांगितलं, ते म्हणाले करतो. मी पण घाईत होतो, पॅरामीटरची कॉपी न घेता निघालो, आणि ती चूक माझीच. दिवाळीला शेड नऊ दिवस बंद, मेन स्विच बंद. उघडल्यावर मशीन कोरं. पॅनलच्या दारात आत जो छापील कागद चिकटवलेला असतो तो तेलानं पिवळा होऊन निम्मा गळून पडलेला. सिरियल नंबर देऊन बिल्डरकडून यादी मागवली, यायला तीन आठवडे लागले, मग एकेक नंबर हातानं टाकला, बॅकलॅश (दिशा बदलताना पडणारी ढील) आणि होम शिफ्ट परत मोजून काढलं. तीन आठवडे त्या दोन भावांचं काम बाहेरून करून घ्यावं लागलं. तेव्हापासून कुठल्याही जुन्या मशीनला हात लावण्याआधी मी मोबाइलवर प्रत्येक पॅरामीटर पानाचा फोटो काढतो, अर्धा तास जातो, जाऊ दे.

आय सिरीजला हे फार सोपं आहे. मशीन चालू करताना स्क्रीनखालच्या उजव्या टोकाच्या दोन सॉफ्ट की दाबून धरल्या की बूटचा मेनू येतो, तिथून एसरॅमचा पूर्ण बॅकअप कार्डवर घेता येतो. पाच मिनिटांचं काम. बॅटरी इथे छोटी ३ व्होल्टची लिथियम असते.

अजून एक. मशीन चालू करताना रिसेट आणि डिलीट एकत्र दाबून ठेवले तर मेमरी साफ होते. कोणी फोनवर "हे करून बघ" म्हणून सांगितलं तरी करू नका.

अलार्म ३०० आला आणि होम गेलं, हे पण बॅटरीमुळेच?

बहुतेक वेळा हो, पण ही दुसरी बॅटरी. अॅब्सोल्यूट एन्कोडरची, ६ व्होल्टची. ती गेली की मशीनला आपण कुठे आहोत ते आठवत नाही आणि रेफरन्स परत सेट करावा लागतो. घाईत अंदाजानं सेट केलं तर टूल चेंजची उंची बदलते आणि आर्म टूलला धडकतो, म्हणून हे शिकलेल्या माणसाकडूनच करून घ्या.

स्पिंडलमध्ये पिढीनुसार काय बदललं?

सुरुवातीला गिअर हेड, मग बेल्टवर ६००० आणि ८०००, मग थेट कपलिंगवर १० आणि १२ हजार. गिअर हेडला खालच्या स्पीडला टॉर्क मिळतो, मोठा ड्रिल आणि मोठा टॅप आरामात जातो, पण आवाज आणि तेलाची गळती सांभाळावी लागते. ६ मिमीच्या कार्बाइड एंड मिलनं अॅल्युमिनियम करायचं असेल तर ६००० अपुरे पडतात.

बीटी ४० (टूल होल्डरच्या टेपरचा साइज) आहे एवढं ऐकून जुने होल्डर घालू नका. पुल स्टडचा (होल्डरच्या टोकाचा बोल्ट, ज्याला धरून स्पिंडल होल्डर ओढतो) कोन बघा: ४५ अंश, ६० अंश, आणि काही जपानी मशीनला ९० अंश. चुकीचा स्टड घातला तर पकड अर्धवट बसते आणि टूल फिरताना सुटू शकतं, माणूस समोर असतो. ड्रॉबारच्या डिस्क स्प्रिंग पण कालांतरानं तुटतात, आवाजावरून कळत नाही, पकड मोजणाऱ्या गेजनं बघा. टेपरला ब्ल्यू लावून मॅचिंग बघा, ३०० मिमीचा टेस्ट बार लावून डायल फिरवा. माझा अंदाज असा, टोकाला २० मायक्रॉनच्या पुढे गेलं की बेअरिंगचा किंवा टेपर ग्राइंडिंगचा खर्च आधीच धरून बोलणी करा.

टूल चेंजर छत्रीवाला की आर्मवाला?

छत्रीवाला हळू पण साधा, दुरुस्ती घरच्या घरी होते. आर्मवाला वेगवान, पण कॅमबॉक्स गेला तर मोठा खर्च. खरेदीच्या दिवशी शंभर वेळा टूल बदलून बघा.

बॅकलॅश डीलर म्हणतो १० मायक्रॉन, खरं मानू?

डायलनं बघा आणि मग पॅरामीटर पण बघा. झिरो-एमसीत ५३५ पासून पुढे, आय सिरीजमध्ये १८५१. डायलवर १० येतंय पण पॅरामीटरमध्ये ८० भरलेलं असेल, तर बॉलस्क्रू किंवा सपोर्ट बेअरिंग झिजलंय आणि आकड्यानं झाकलंय. टेबलच्या मधे आणि दोन्ही टोकांना वेगवेगळं मोजा. मधे जास्त आणि टोकाला कमी आलं तर स्क्रू मधेच झिजलाय, कारण आयुष्यभर जॉब मधेच लागतो. अशी एकसारखी नसलेली झीज कुठल्याच एका आकड्यानं भरून निघत नाही. बॉलबार टेस्ट करून घेता आली तर उत्तम.

मशीन किती चाललंय ते बघायला आय सिरीजमध्ये पॅरामीटर ६७५० ला पॉवर ऑनची मिनिटं असतात. हा आकडा बदलता येतो, त्यामुळे पूर्ण विश्वास नको.

झेड अॅक्सिसचं काय बघायचं?

जुन्यात साखळीला काउंटरवेट असतं, नंतरच्यात मोटरलाच ब्रेक. टेबलवर लाकडाचा ठोकळा ठेवा, डायल लावा, इमर्जन्सी दाबा आणि हेड किती खाली येतं ते बघा. काउंटरवेटची साखळी आणि तिच्या पिना स्वतः वर चढून बघा.

जपानहून आलेलं मशीन आहे, लाइटचं काय?

ती २०० ते २२० व्होल्टवर चालतात, आपल्याकडे ४१५. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो आणि तो सोबत येतोय का ते सौद्यात लिहून घ्या. महावितरणकडे मंजूर लोड किती आहे ते आधी बघा. मशीनला स्वतंत्र अर्थिंग करा. आणि जूनच्या आधी पॅनलचे फॅन, फिल्टर, दाराचं रबर बदला. पावसाळ्यात बंद पडलेल्या शेडमध्ये कार्डवर ओल बसते आणि सप्टेंबरात फोन यायला लागतात.

सिमेन्स, हाइडेनहाइन, ओकुमा, माझॅक, हास यांचं काय?

मशीनं चांगली आहेत, विषय सर्व्हिसचा आहे. ओकुमा आणि हासचा कंट्रोल त्यांचा स्वतःचा, माझॅकची माझाट्रोल भाषा वेगळी, म्हणजे माहीत असणारा माणूस हवा. हाइडेनहाइन मोल्डवाल्यांना आवडतो आणि त्यांचं बरोबर आहे. तुमच्या गावापासून दोन तासांच्या आत ते दुरुस्त करणारा कोणी असेल तर जरूर घ्या.

फॅनकचे स्पेअर अजून मिळतात?

ग्राहक मशीन वापरतोय तोपर्यंत मेंटेनन्स द्यायचा अशी फॅनकची जाहीर भूमिका आहे, आणि झिरो-एमसी, अठरा-एमची कार्डं दुरुस्तही होतात, एक्स्चेंजमध्येही मिळतात. सिस्टिम सिक्सच्या काळातल्याचं मात्र शोधावं लागतं. सीआरटी गेला तर एलसीडी किट बसतं, त्यासाठी मशीन भंगारात काढू नका.

जुन्या बेडवर नवा कंट्रोल बसवणं परवडतं?

बेड, स्लाइड आणि स्पिंडल चांगले असतील तरच. कंट्रोलसोबत मोटर आणि ड्राइव्ह पण बदलायची तयारी ठेवा, नवा कंट्रोल आणि जुना ड्राइव्ह अशी जोडी सतत काहीतरी काढत राहते. खरं काम टूल चेंजरच्या लॅडरचं असतं, कोटेशनमध्ये ते स्पष्ट लिहिलंय का बघा, आणि लॅडर, पॅरामीटरची कॉपी तुमच्या हातात मिळेल हे पण लिहून घ्या.

मग मी पहिलं मशीन घेतोय, नक्की काय घेऊ?

जॉबवर्क, ड्रिल-टॅप, प्लेट, ब्रॅकेट असेल आणि बजेट कमी असेल तर चांगल्या अवस्थेतलं झिरो-एमसी, एसी सर्व्हो, कागदपत्रांसकट. बीएफडब्ल्यू किंवा एएमएस सारख्या आपल्याकडच्या बिल्डरचं असेल तर बेल्ट, सील, मॅन्युअल मिळवणं सोपं जातं. दोन पैसे जास्त टाकता येत असतील तर झिरो-आय-एमसी, मी तरी सगळ्यांना तेच सांगतो, बॅकअप सोपा आहे या एका कारणासाठी. रोज मोल्ड करणार असाल तर लुक-अहेडवालं अठरा-आय किंवा झिरो-आय-एमडी.

सौदा झाला, मशीन उचलायच्या आधी काय करू?

जुन्या जागेवर मशीन चालू असतानाच बॅकअप घ्या, कार्डवर किंवा फोटो काढून. दोन्ही बॅटऱ्या नव्या घाला. जॉब लावून एक तुकडा कापून बघा आणि तो तुकडा जपून ठेवा. पॅनलच्या दारातला कागद, इलेक्ट्रिकल ड्रॉइंग, मॅन्युअल मागून घ्या, धूळ खात कपाटावर पडलेली असतात आणि मालक देतो. हेडखाली लाकूड ठेवून हेड टेकवा, टेबल बांधा, काउंटरवेट असेल तर तो आतून लॉक करा, याचा बोल्ट आणि ब्रॅकेट बहुतेक वेळा मशीनच्या मागे लटकवलेला सापडतो. एन्कोडरची केबल काढण्याआधी तिन्ही अॅक्सिस होमला आणून स्लाइडवर मार्करनं रेघ मारा. सगळ्या केबलींना नंबर द्या. मग हायड्रा (क्रेन) बोलवा.